शुक्रवारचा बाजार आणि आपला 'बॉस'

म्हापशाचा बाजार एरवीही उघडा असतो, पण खरी गर्दी शुक्रवारची. हरमलची मिरची, मयड्याची केळी, डिचोलीची मातीची भांडी, सगळं त्या दिवशी येतं. एखाद्या विकणारीला विचारा, "मावशे, मंगळवारी का नाही येत?" ती म्हणेल, "मंगळारा गिरायक खंय आसता?" गिऱ्हाइकाला विचाराल तर तो म्हणेल, मंगळवारी माल कुठे असतो!

संगणकाचंही असंच आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ साली 'बॉस', म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स, आणली. ती लिनक्सवर, त्यातल्या डेबियनवर उभी आहे. फुकट आहे, तिच्यात मराठी आहे, कोंकणीही आहे. त्याला आता बरीच वर्षं झाली. मित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांनी ती पाहिली आहे?

लिनक्स कमी दर्जाचं म्हणून असं झालं, असं म्हणता येत नाही. नोव्हेंबर २०१७ पासून जगातले पहिले ५०० महासंगणक सगळे लिनक्सवरच चालतात. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सच आहे. तिथे वापरणारे आहेत, म्हणून प्रोग्राम लिहिणारेही आहेत. टेबलावरच्या कम्प्युटरवर मात्र गाडं अडतं.

का अडतं, ते मी स्वतः पाहिलं. गेल्या वर्षी प्रोजेक्ट म्हणून मी पेडण्याकडच्या एका वाचनालयासाठी पुस्तकांच्या देवघेवीची नोंद ठेवणारा प्रोग्राम लिनक्सवर लिहिला. तिथले काका कौतुकाने म्हणाले, "बरं केलंस रे, पण आमच्या मशीनवर चालेल मा?" त्यांच्या मशीनवर विंडोज. ते काढता येत नाही, कारण वार्षिक अंक पेजमेकरमध्ये, जुन्या मराठी फॉन्टात लावतात. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, ती लिनक्ससाठी कधी निघालीच नाही. मी आठवड्याभरात सगळं विंडोजसाठी परत लिहिलं. दोष काकांचा नाही. पण लिनक्ससाठी लिहिणारा एक जण त्या आठवड्यात कमी झाला, आणि तो मी होतो.

थोडा दोष लिनक्सवाल्यांचाही आहे. डेबियनचं पॅकेज वेगळं, फेडोराचं वेगळं. एकाच प्रोग्रामची दोन-तीन गाठोडी बांधायची, तीही मूठभर लोकांसाठी. पोट भरायचं आहे तो हे का करील?

कोणी म्हणेल, सरकारी काम म्हणून असं झालं, पैसा ओतला असता तर चाललं असतं. मग विंडोज फोन आठवा. २०१० साली मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपनीने तो आणला, २०१४ मध्ये नोकियाचा फोनचा धंदाच विकत घेतला. फोन वापरायला चांगला होता. पण अ‍ॅप कमी म्हणून लोक आले नाहीत, लोक नाहीत म्हणून अ‍ॅप आले नाहीत. शेवटी तो बंद पडला.

मग यावर उपायच नाही का? आहे, आणि तो केरळने करून दाखवला. तिथे शाळांतला आयटी विषय आणि दहावीची त्याची परीक्षा मुक्त सॉफ्टवेअरवर आणली. शिक्षकांना शिकवलं, मुलांची पुस्तकं त्यावर लिहिली. म्हणजे सरकारने नुसता माल बनवून ठेवला नाही, बाजाराचा वार ठरवून दिला. बॉसच्या वाट्याला तो वार आला नाही. आपण सरावाला बसतो विंडोजवर, परीक्षा देतो विंडोजवर, आणि मग म्हणतो की बॉसवर काहीच मिळत नाही.

गोव्यातल्या शाळा-कॉलेजांनी निदान एक प्रॅक्टिकल लिनक्सवर घ्यावं, एवढंच माझं मागणं आहे. विंडोज टाकून द्या असं मी म्हणत नाही, नोकरीला ते लागणारच. पण मराठी-कोंकणी शुद्धलेखन तपासणं, जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणणं, ही आपली कामं बाहेरची कंपनी कशाला करील? ती आपल्यालाच करावी लागतील.

वाचनालयाचा तो प्रोग्राम मी आता दोन्हीकडे चालेल असा करायला घेतला आहे. मदतीला कोणी येत असेल तर अवश्य या. दोघे असलो तरी सुरुवात होईल.