लोकेशन सही, पण किती वाजता?

महिन्यातून दोन-तीनदा तरी फोन येतोच. 'अगं, तू सगळीकडे भटकत असतेस ना, एखादं हटके लोकेशन सांग की!' कुणाचं प्री-वेडिंग असतं, कुणाला मॉडेलिंगचा पोर्टफोलिओ करायचा असतो. सगळ्यांना जागेचं नाव हवं असतं. मी विचारते, 'किती वाजता?' की पलीकडे एकदम शांतता.

आता मरिन ड्राइव्हच घ्या. डिसेंबरमध्ये सूर्य पश्चिमेपासून बराच दक्षिणेकडे सरकून मावळतो. त्यामुळे कट्ट्याच्या मधोमध उभं राहिलं तरी तो थेट समुद्रात बुडताना दिसतो. मे महिन्यात त्याच जागी उभे राहा, साहेब मलबार हिलच्या टॉवर्समागे गुडुप! मग नरिमन पॉइंटच्या टोकाला, एनसीपीएकडे चालत जायचं. माझं विचाराल तर सूर्याचा नाद सोडा आणि कॅमेरा उलटा फिरवा. तिथल्या आर्ट डेको इमारतींची तोंडं समुद्राकडे आहेत, त्यामुळे संध्याकाळी चेहराही उजळतो आणि मागची इमारतही. गेटवेचा हिशेब नेमका उलटा. सकाळी सूर्य बंदराच्या बाजूने वर येतो. चौकातून फोटो काढलात तर कमान सुंदर दिसेल, पण तिच्यासमोरची नवरी काळीठिक्कर!

आणि हो, तो 'गोल्डन अवर'. हा शब्द आपण जसाच्या तसा उचललाय, पण आपल्याकडे तो अवर नसतोच. मुंबई साधारण १९ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे इथे सूर्य तिरका रेंगाळत नाही, जवळजवळ सरळ खाली उतरतो. क्षितिजाच्या वरचे शेवटचे सहा अंश तो मार्च-सप्टेंबरच्या सुमारास साधारण २५ मिनिटांत संपवतो. लंडनमध्ये त्यालाच ४० मिनिटांच्या आसपास लागतात. म्हणजे मेकअप टचअप, दुपट्ट्याची पिन आणि 'एक मिनिट, आईचा फोन आहे' हे सगळं त्या २५ मिनिटांच्या आधी उरकायला हवं.

दुपारचंही एक गणित आहे. घड्याळात बारा वाजले तरी मुंबईत सूर्य माथ्यावर यायला अजून अर्धा-पाऊण तास असतो, कारण आपलं घड्याळ चालतं अलाहाबादजवळच्या रेखांशावर. मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस तर तो अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख. अशा वेळी उघड्यावर शूट करू नका, प्लीज. फोर्टात डी. एन. रोडच्या कमानींखाली शिरा. कमानीच्या कडेला उभं राहिलं की बाहेरचा उजेड एका बाजूने मऊ येतो, थर्माकोलची शीटही लागत नाही. फक्त आजूबाजूच्या रंगांकडे लक्ष ठेवा. पावसाळ्यातल्या निळ्या ताडपत्रीखाली गोरी काय नि सावळी काय, सगळ्या निळ्याच दिसतात. बाकी पावसाळ्याला नावं ठेवू नका. ढग म्हणजे फुकटातला सॉफ्टबॉक्स.

म्हणूनच सिनेमावाले आधी 'रेकी' करतात. ज्या फोटोग्राफर्सबरोबर मी लेखांसाठी फिरले, त्यातले चांगले पहिल्या फेरीला कॅमेरा आणतच नाहीत. फोनमधलं होकायंत्र बघतात, शूटच्याच वेळी जाऊन उभे राहतात आणि आजूबाजूच्या लोकांशी बोलतात. हे तिसरं काम बहुतेक जण गाळतात. किल्ला पुरातत्त्व खात्याचा, फलाट रेल्वेचा. तिथे व्यावसायिक शूटला परवानगी लागते, हे आता बऱ्याच जणांना कळलंय. पण गल्ली कुणाची?

मागच्या हिवाळ्यात एका मैत्रिणीच्या कुर्त्यांच्या कॅटलॉगसाठी मी गिरगावात खोताच्या वाडीत रेकीला गेले होते. नोकरी सोडून तिने साठवलेले सगळे पैसे या ब्रँडमध्ये घातले होते. त्यामुळे तिला जुना लाकडी जिना, नक्षीचे कठडे आणि मागे रंगीत भिंत, असं सगळं हवंच होतं. जागा खरंच भारी. गल्ली इतकी चिंचोळी की कडक ऊन खाली उतरतं ते दुपारीच, सकाळभर उजेड नुसता भिंतींवरून झिरपत राहतो. मला हवा तो जिना सापडला. जिन्यावर एक आजी लसूण सोलत बसल्या होत्या. मी विचारलं, 'आजी, इथे थोडे फोटो काढले तर चालतील?'

त्यांनी वर बघितलं. 'तू विचारलंस तरी. परवा एकीने माझ्या पायरीवर साडी बदलली. वाळत घातलेले कपडे काढा म्हणाले, फोटोत वाईट दिसतात. ते आमचे कपडे आहेत बाई, इथे माणसं राहतात.'

मी त्यांच्याबरोबर दहा मिनिटं लसूण सोलला. वाडीतली बरीच जुनी घरं गेलीत, उरलेली टिकवताना नाकी नऊ येतात आणि रविवारी दार उघडलं की समोर अनोळखी माणूस पोझ देत उभा, हे त्या न चिडता सांगत होत्या. गोव्यात पणजीच्या फोंतेन्यासमध्येही घरांवर फोटोशूटला मनाई करणाऱ्या पाट्या लागल्यात, ते मला आठवलं. शेवटी आजी म्हणाल्या, 'तुला नाही कसं म्हणू? पण एकीला हो म्हटलं की दहा येतात गं.'

हे 'हो' नव्हतं. मी तसं मैत्रिणीला फोन करून सांगितलं. ती भडकलीच. 'पायरी काय त्यांच्या मालकीची आहे?' होय, त्यांच्याच मालकीची आहे.

कॅटलॉग शेवटी बॅलार्ड इस्टेटमध्ये झालं, रितसर परवानगी काढून. रविवारी सकाळी तिथे ऑफिसं बंद असतात, समोरच्या दगडी इमारतींवरून परतणारं ऊन छान पिवळसर पडतं. साडेसात ते नऊमध्ये चौदा कुर्ते उरकले. फोटो छान आलेत, असं तिचंही म्हणणं आहे. तरी अधूनमधून ती विचारतेच, 'तो जिना नेमका कुठल्या घराचा गं?' मी तिला बॅलार्ड इस्टेटचे आणखी चार कोपरे सांगते.