शेळीची कास आणि आपले हात

मी माणसांचा डॉक्टर. शेळीच्या कासेवर मी का लिहावे, असे कोणी विचारील. आपल्या भोकरदन भागात घरोघरी दोन-चार शेळ्या असतात. धार काढणाराच्या बोटांवरचे फोड मी पाहतो, कासेवरचे फोड पशुवैद्य पाहतात; दोन्हींचे नाते सहसा कोणी विचारीत नाही.

सडांच्या बुडाशी आणि कासेच्या दोन भागांमधल्या खाचेत बारीक पुटकुळ्या येतात, पू होतो, फुटून खपली धरते. हे बहुधा स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूचे काम. हाच जंतू आपल्या नाकात आणि केसतोडीतही सापडतो. एका शेळीवरून दुसरीवर त्याला नेतो तो मुख्यतः धार काढणारा हात.

उपाय म्हणून एका वाटीतले हळद-तेल त्याच बोटाने साऱ्या शेळ्यांना लावतात. हळदीशी माझे भांडण नाही, वाटीशी आणि बोटाशी आहे. माणसांची उरलेली ट्यूब तर लावूच नये. पुष्कळ ट्यूबांत स्टेरॉइड असते. लाली ओसरते, जंतू राहतो.

धारेआधी आणि प्रत्येक शेळीनंतर साबणाने हात धुवावेत. कास पुसायला प्रत्येकीचा फडका वेगळा. फोडांची शेळी सर्वांत शेवटी. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला हे सांगणे सोपे नाही. पण हातांना तांब्याभर पाणी पुरते. ज्याच्या बोटांना फोड, त्याने धार काढू नये. घरच्या बाईला ही सुटी कोण देतो? पुरुषांनी धार काढायला शिकावे, एवढेच म्हणतो.

कास गरम, कडक झाली, दुधात गाठी आल्या, तर ती दगडी. त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवा. करडांच्या ओठांवरही खपल्या असतील तर मावा असू शकतो. तो विषाणूचा रोग आहे, माणसाच्या हातालाही होतो आणि प्रतिजैविकाने जात नाही.

आता दुधाचे. डेंग्यूच्या साथीत लोक शेळीचे कच्चे दूध शोधत फिरतात. त्याने पेशी वाढतात याला भक्कम पुरावा नाही. उलट कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिसचा चिवट ताप मात्र येऊ शकतो. शिवाय दूध तासन्‌तास तसेच राहिले, तर स्टॅफिलोकोकस त्यात विष तयार करू शकतो. मग उकळल्याने जंतू मरतो, विष टिकते. म्हणून धार काढल्याबरोबर दूध उकळा. दगडी झालेल्या कासेचे दूध पोरांना पाजू नका, आणि शेळीला इंजेक्शन दिले असेल तर किती दिवस दूध वापरायचे नाही, हे पशुवैद्यांना तिथेच विचारून घ्या.