जखमी पांखरूं आणि उतावळी दया

दयेस ज्ञानाची जोड नसेल तर तिचा हात किती जड पडतो, याविषयीं आज चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय कोणास क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या घरांत मुलें आहेत आणि अंगणांत झाड आहे, त्या घरीं हा प्रसंग आज ना उद्यां यावयाचाच.

गेल्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीं, म्हणजे किंक्रांतीस सकाळीं, आमच्या सुपें येथील घरामागील कडुनिंबावर एक पिंगळा उलटा लोंबकळत असलेला आमच्या नातीच्या दृष्टीस पडला. पतंगाचा नायलॉनचा मांजा त्याच्या उजव्या पंखास गुरफटला होता, आणि रात्रभराच्या धडपडीनें तो कातडें कापून पार आंत रुतला होता. शेजारच्या मुलानें शिडी लावून त्यास खालीं आणिलें, तों घरांत दोन पक्ष पडले. आमच्या वृद्ध आत्याबाईंचें म्हणणें, पिंगळा अपशकुनी, त्यांतून करीचा दिवस. त्यास उंबऱ्याच्या आंत घेऊं नये. दुसरा पक्ष आमच्या कुटुंबाचा. ती हळदीचा डबा व खोबरेलाची वाटी घेऊन ओसरीवर हजर झाली.

आत्याबाईंची समजूत घालणें फारसें अवघड गेलें नाहीं. नाशिक जिल्ह्यांतील टाकेद येथें जटायु पडला असें मानितात. त्या तीर्थास जाऊन डोळे पुसून आलेल्या त्या आहेत. ‘जटायूच्या पंखास तलवार लागली होती, याच्या पंखास दोरा लागला आहे, एवढाच भेद,’ असें आम्हीं म्हटलें. शिवाय पहांटे कुडमुडें वाजवीत येणाऱ्या पिंगळ्यास आपण सुपांतून धान्य घालतों, मग ज्याचें नांव तो लावितो त्यासच दारांतून हांकलणें शोभेल काय? आत्याबाई कांहीं बोलल्या नाहींत. मात्र थोड्या वेळानें स्वतःचें एक जुनें मऊ लुगडें त्यांनीं आणून दिलें.

कुटुंबास नको म्हणतांना मात्र आमचा स्वर कांपला. कारण तो हळदीचा डबा पूर्वीं एकदां आम्हीं स्वतः उघडिला होता. नोकरीच्या आरंभींच्या वर्षांत मांजरानें फाडलेला एक पारवा मुलांनीं वर्गांत आणिला. तो निसटूं नये म्हणून आम्हीं त्यास मुठींत घट्ट धरिलें, जखमेवर हळद-तेल थापिलें, आणि चोंच उघडून चमचाभर पाणी घातलें. दोन आचके देऊन तो हातांतच गेला. जखमच मोठी होती, असें आम्हीं मुलांस सांगितलें. मुलांनीं तें खरें मानिलें. आम्हीही पुष्कळ वर्षें तेंच मानीत होतों. पुढें एका पशुवैद्यांनीं सहज बोलतां बोलतां आमचा हा समज दूर केला, तेव्हां तो पारवा बहुधा जखमेनें नव्हे तर आमच्या हातानें गेला, हें आम्हांस कळलें. वर्गांतील तीं मुलें आतां संसारी झालीं आहेत. त्यांस तें सांगण्याचें राहूनच गेलें.

आमच्या चुका कोणत्या, तें सांगितलें पाहिजे. पक्ष्यास आपल्यासारखा उदर व छाती यांमधील श्वासाचा पडदा नसतो. छातीचें हाड पुढेंमागें हालवूनच तो श्वास घेतो. छाती आवळली कीं श्वास कोंडलाच. श्वासनलिकेचें तोंड जिभेच्या मुळाशींच असतें. बळेंच ओतलेलें पाणी पोटाऐवजीं फुप्फुसांत शिरतें. पुष्कळ पक्ष्यांत पंखाचें वरचें हाड पोकळ असून तें श्वासाच्या पिशव्यांस जोडलेलें असतें. म्हणून तें मोडून उघडें पडलें असल्यास त्यावर पाणी वा औषध ओतणेंही घातक. तेल तर पिसांचें वैरी. पक्ष्याच्या अंगाची ऊब सुमारें ४० अंशांची, आणि ती राखणारीं हीं पिसेंच. तीं तेलानें चिकटलीं म्हणजे थंडीच्या रात्रीं आपण त्याचें पांघरूणच काढून घेतलें.

पिंगळ्याचें वजन १०० ते १२५ ग्रॅम, आणि रक्त त्याच्या सुमारें दशांश. म्हणजे सारें मिळून दोन-अडीच लहान चमचे. म्हणून पहिलें काम रक्त थांबविण्याचें. आत्याबाईंच्या लुगड्यांत त्याचें डोकें झांकून व पंख मिटवून त्यास हलकेच गुंडाळिलें. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर पांच मिनिटें धरिली, आणि ती मध्येंच उचलून पाहिली नाहीं. मांज्याचीं लोंबणारीं टोंकें कातरलीं. आंत रुतलेला दोरा मात्र ओढिला नाहीं, कारण तो ओढतां थांबलेलें रक्त पुन्हां सुटतें. भोंवतालची माती उकळून निववलेल्या पाण्यांत बुडविलेल्या बोळ्यानें टिपली; अर्ध्या लिटरास सपाट एक लहान चमचा मीठ, हें त्याचें प्रमाण. मग भोंकें पाडलेल्या खोक्यांत त्यास ठेवून, कोमट पाण्याची बाटली कापडांत गुंडाळून एका बाजूस ठेविली. खाणें नाहीं, पाणी नाहीं, दूध तर मुळींच नाहीं; अंधार आणि शांतता हेंच पहिलें औषध. मांजरानें धरलेल्या पक्ष्याविषयीं एक विशेष सांगावयाचें तें हें कीं, जखम सुईच्या टोंकाएवढी दिसली तरी दाताचें विष आंत भिनतें. त्यास वैद्याकडे नेण्यास दुसरा दिवस उजाडूं देऊं नये. २०२१ सालीं आपल्या राज्यांत पक्ष्यांचा फ्लू आला होता, तें स्मरून नंतर साबणानें हात धुवावे.

घरचा उपचार येथें संपतो. वन खात्याचा १९२६ हा क्रमांक आम्हीं लाविला, व सांगितल्याप्रमाणें खोकें पशुवैद्यांकडे नेलें. त्यांनीं भूल देऊन दोरा काढिला, टांके घातले, आणि पिंगळा वन खात्याच्या स्वाधीन झाला. नातीचे डोळे भरून आले. ‘आजोबा, बरा होईपर्यंत तरी आपल्याकडे राहूं द्या ना!’ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें असें पांखरूं घरीं ठेवतां येत नाहीं, हें तिला सांगितलें. परंतु कायदा नसता तरी आमचें उत्तर तेंच असतें. एकदां आम्हीं ठेवून घेतलें होतें.

महिन्याभरानें निरोप आला कीं जखम भरली आहे; मोठ्या पिंजऱ्यांत तो या टोंकापासून त्या टोंकापर्यंत जातो, पण उंच उडत नाहीं. त्यास सोडतां येईल कीं नाहीं, हें तेव्हां ठरलें नव्हतें. नात अजून विचारते. आम्ही ‘ठाऊक नाहीं’ म्हणतों. जखम मोठी होती असें सांगून मोकळे होत नाहीं.

नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें ११ जुलै २०१७ रोजीं देशभर बंदी घातली, तरी पोरांच्या हातीं तो येतोच. तेव्हां वाचकांस एवढीच विनंति, कीं मुलांस पतंग आणून देतांना दोरा कोणता तो स्वतः पाहावा. आणि किंक्रांतीस दिवस मावळण्यापूर्वीं एक लांब काठी घेऊन दारचें झाड नीट झाडून काढावें. आमच्या घरीं हें काम पुढच्या वर्षापासून नातीनें मागून घेतलें आहे.