वाढते नाशिक आणि कष्टकऱ्यांचे घर

नाशिक शहराच्या भरभराटीचे गुणगान सध्या सर्वत्र चालू आहे. समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये मुंबईच्या वेशीपर्यंत पोचला. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने रस्ते, पूल व घाट यांच्या कामांना वेग आला. गंगापूर रोड, पाथर्डी फाटा, म्हसरूळ, आडगाव अशा सर्व दिशांना बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत. शहर वाढते याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. रोजगार असेल तेथे माणसे जाणारच, आणि माणसे आली की घरे बांधावीच लागणार. परंतु या वाढीत ज्यांच्या श्रमाचा वाटा सर्वांत मोठा आहे, त्यांच्यासाठी कायद्याने राखून ठेवलेली घरे कोठे गेली, हा प्रश्न या गुणगानात कोणी विचारत नाही. तो विचारणे आम्हांस आवश्यक वाटते.

नाशिकची वाढ आकस्मिक नाही. नाशिकरोडचे नोटांचे व मुद्रांकांचे छापखाने, ओझरचा विमान कारखाना, सातपूर आणि अंबड येथील औद्योगिक वसाहती यांनी या तीर्थक्षेत्राला कामगारांचे शहर बनविले. १९८२ साली नाशिक व नाशिकरोड-देवळाली या नगरपालिका, सातपूर आणि भोवतालची अनेक खेडी एकत्र करून महानगरपालिका स्थापन झाली. १९९१ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या सुमारे ६ लाख ५७ हजार होती. २००१ मध्ये ती १० लाख ७७ हजार झाली आणि २०११ मध्ये १४ लाख ८६ हजार. वीस वर्षांत दुपटीहून अधिक झालेली ही वस्ती कोठे व कशी राहावी, याबाबत शासनाने वेळोवेळी तीन निरनिराळे मार्ग स्वीकारले. त्यांचा क्रम पाहिला म्हणजे शासनाने आपली जबाबदारी कशी टप्प्याटप्प्याने सोडून दिली हे ध्यानात येते.

पहिला मार्ग शासनाने स्वतः घरे बांधण्याचा. १९७० च्या दशकात नवीन नाशिक वसविण्याचे काम सिडकोकडे सोपविण्यात आले. अंबड, मोरवाडी, उंटवाडी, कामटवाडे या शिवारांतील शेतजमीन संपादन झाली आणि सहा गृहयोजना उभ्या राहिल्या. हे काम निर्दोष होते असे कोणी म्हणणार नाही. जमीन देणाऱ्या शेतकऱ्यांची मोबदल्याबाबतची तक्रार वर्षानुवर्षे राहिली. घरे लहान होती, गल्ल्या अरुंद होत्या. कुटुंब वाढले तशी लोकांनी पुढेमागे बांधकामे केली आणि ती अनधिकृत ठरली. हे सारे मान्य करूनही एक गोष्ट उरते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या हजारो कुटुंबांना हप्त्याने फेडता येईल असे स्वतःचे घर याच योजनांनी मिळवून दिले. नाशिककर आजही त्या साऱ्या परिसराला नुसते ‘सिडको’ म्हणतात. सार्वजनिक संस्थेने हाती घेतलेल्या कामाची याहून मोठी पावती कोणती असू शकेल?

दुसरा मार्ग जमिनीच्या साठेबाजीला आळा घालण्याचा. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा हेतू स्पष्ट होता. शहरातील जमीन थोड्या हातांत साठू नये आणि मर्यादेबाहेरची जमीन समाजाच्या गरजेसाठी, प्रामुख्याने घरांसाठी, उपलब्ध व्हावी. तथापि त्याच कायद्यात सूट देण्याची कलमे होती. दुर्बल घटकांसाठी घरे बांधू, अशी हमी देऊन जमीन स्वतःकडे ठेवता येत असे. हमी कागदावर राहिली आणि जमीन मात्र मालकाकडे राहिली, अशी उदाहरणे राज्यभर घडली. केंद्राने १९९९ मध्ये आणि महाराष्ट्राने २००७ मध्ये हा कायदा रद्द केला. कायदा गेला म्हणजे जमीन मोकळी होईल आणि घरे स्वस्त होतील, असे तेव्हा सांगण्यात आले होते. घरे किती स्वस्त झाली हे वाचकांना सांगण्याची गरज नाही.

तिसरा मार्ग बांधकाम व्यावसायिकांकडून वाटा घेण्याचा. राज्य सरकारने २०१३ साली दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांसाठी सर्वसमावेशक गृहनिर्माणाचा नियम केला. चार हजार चौरस मीटर, म्हणजे सुमारे एक एकर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर अभिन्यास अथवा इमारती मंजूर करून घेणाऱ्याने वीस टक्के भूखंड किंवा त्या प्रमाणात लहान सदनिका दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी राखून ठेवाव्यात, अशी त्यातील तरतूद आहे. या सदनिका व्यावसायिकाने फुकट द्यावयाच्या नाहीत. शासकीय दरपत्रकातील बांधकाम खर्चावर ठरावीक वाढ देऊन त्या म्हाडाने घ्यावयाच्या आणि सोडत काढून पात्र कुटुंबांना द्यावयाच्या. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही ही तरतूद कायम आहे. नाशिकला ती पहिल्यापासून लागू होती.

नाशिकमध्ये तिचे काय झाले? २०२२ च्या जानेवारीत खुद्द तत्कालीन गृहनिर्माणमंत्र्यांनीच असा जाहीर आरोप केला, की नाशिक महापालिकेच्या हद्दीत म्हाडाकडे यावयास हवी होती अशी सुमारे साडेतीन हजार घरे आलीच नाहीत आणि त्यांची किंमत सातशे कोटी रुपयांच्या घरात आहे. प्रश्न विधान परिषदेत गाजला. मार्चमध्ये महापालिका आयुक्तांची बदली झाली. आरोपातील आकडा अखेर कितीवर येतो, दोषी कोण ठरतात, हे चौकशी यंत्रणांनी सांगावयाचे आहे. परंतु ज्या राज्यात मंत्र्यालाच आपल्या खात्याची घरे हरवल्याची फिर्याद जनतेपुढे मांडावी लागते, तेथील कारभाराबद्दल फार काही बोलावयास नको.

नियम चुकविण्याची युक्ती साधी आहे, असे या प्रकरणात पुढे आले. चार हजार मीटरच्या वरची जमीन दोन-तीन तुकड्यांत दाखवावयाची. प्रत्येक तुकडा मर्यादेच्या किंचित खाली राहतो आणि प्रत्येकाचा प्रस्ताव वेगळा दाखल होतो. कागदावर एकही मोठा अभिन्यास उरत नाही. दुसरी युक्ती कालहरणाची. विक्रीच्या इमारती आधी पुऱ्या करावयाच्या, त्यांचे पूर्णत्वाचे दाखले घ्यावयाचे आणि राखीव सदनिकांची इमारत मागे ठेवावयाची. दोन्ही युक्त्या नगररचना विभागाच्या टेबलावरून गेल्याशिवाय यशस्वी होऊ शकत नाहीत. म्हणून एका आयुक्ताच्या बदलीने हा विषय संपला असे मानणे म्हणजे स्वतःची फसवणूक करून घेणे होय.

येथे नाशिकच्याच दुसऱ्या एका प्रकरणाची आठवण करून देणे उपयुक्त ठरेल. २०१४ नंतर काही वर्षे या शहरात ‘कपाटा’चा प्रश्न गाजत होता. इमारतींतील कपाटांची जागा सदनिकांत सामील करून घेतल्याने मंजूर चटई क्षेत्राचे उल्लंघन झाले, असे महापालिकेने ठरविले आणि हजारो इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले अडकले. घर घेणाऱ्या सामान्य कुटुंबांचा यात काही दोष नव्हता. त्यांची सुटका व्हावयासच हवी होती. ती झालीही. २०१७ मध्ये नवी नियमावली आली, अरुंद रस्ते कलम २१० खाली कागदोपत्री नऊ मीटरचे करून जादा चटई क्षेत्र वापरण्याची वाट काढण्यात आली. त्यासाठी महापालिकेपासून मंत्रालयापर्यंत बैठका झाल्या, प्रस्ताव फिरले, तज्ज्ञांचे सल्ले घेतले गेले. जेथे व्यावसायिकांचे भांडवल अडकले होते तेथे शासनयंत्रणेची कल्पकता अशी बहरली. वीस टक्के घरांच्या बाबतीत ती कधीच का बहरली नाही? कारण उघड आहे. त्या घरांचे भावी रहिवासी कोण, हे सोडत निघेपर्यंत ठरलेलेच नसते. त्यांची संघटना नाही, शिष्टमंडळ नाही, वकील नाही. ज्याला आपला हक्क बुडाल्याचे ठाऊकच नाही, त्याची तक्रार येणार कोठून?

ही माणसे आज राहतात कोठे, हे पाहावयास फार दूर जावे लागत नाही. गोदाकाठची काझीची गढी दर पावसाळ्यात ढासळते आणि दर पावसाळ्यापूर्वी तेथील रहिवाशांना नोटिसा मिळतात. नोटिशीत घर सोडा असे असते. जावे कोठे हे नसते. जुन्या नाशकातील धोकादायक वाड्यांच्या भाडेकरूंची हीच अवस्था आहे. २००८ च्या सप्टेंबरात आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला तेव्हा नदी-नाल्यांलगतच्या वस्त्यांना सर्वाधिक झळ पोचली. आणि या इमारती प्रत्यक्ष उभारणारा मजूर? पेठ, सुरगाणा, त्र्यंबक या तालुक्यांतून आलेला आदिवासी तरुण किंवा उत्तरेकडून आलेला कारागीर बांधकामावरच्याच पत्र्याच्या खोलीत राहतो, आणि इमारतीला पूर्णत्वाचा दाखला मिळाला की त्याचे बिऱ्हाड उठते.

बांधकाम व्यावसायिकांचा एक आक्षेप असा, की वीस टक्क्यांचा भार अखेर उरलेल्या ग्राहकांवर पडतो आणि मध्यमवर्गीयाचे घर महाग होते. हा आक्षेप गंभीरपणे तपासला पाहिजे. सदनिकेची किंमत बाजारात जेवढी मिळू शकते तेवढी व्यावसायिक घेतोच. राखीव घरे नसली म्हणून तो ती कमी करीत नाही. बंधन आधीपासून ठाऊक असेल आणि ते सर्वांना सारखे लागू असेल, तर त्याचा भार मुख्यतः जमिनीच्या भावावर पडतो. व्यावसायिक जमीनमालकाला तेवढा कमी भाव देतो. हा भाव मुळात कशाने चढतो? गंगापूर धरणाचे पाणी, महापालिकेचा रस्ता, शासनाचा महामार्ग आणि हजारो माणसांची वस्ती यांनी तो चढतो. समाजाने निर्माण केलेल्या या वाढीव मूल्यातील थोडा भाग समाजाने घरांच्या रूपाने परत घेणे यात अन्याय कसला? बंधन काहींनी पाळावयाचे आणि काहींनी चुकवावयाचे, यात मात्र खरा अन्याय आहे. कारण त्यात प्रामाणिक व्यावसायिकच मागे पडतो.

तथापि वीस टक्क्यांच्या नियमाची मर्यादाही आपण ओळखली पाहिजे. सोडतीतील घर घेण्यास कर्ज लागते आणि कर्जास नियमित पगाराची चिठ्ठी लागते. रोजंदारीचा मजूर, घरकाम करणारी स्त्री, भाजीची हातगाडी लावणारा यांच्या आवाक्यात हे घरही येत नाही. त्यांना हवी आहे सार्वजनिक मालकीची, माफक भाड्याची खोली. ही कल्पना स्वप्नरंजनातली नाही. पहिल्या महायुद्धानंतर दारिद्र्याने गांजलेल्या व्हिएन्ना शहरात समाजवादी नगरपालिकेने श्रीमंतांवर चढत्या दराने गृहनिर्माण कर बसविला आणि १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक भाड्याची घरे बांधली. सिंहस्थासाठी शेकडो कोटींची कामे काढणाऱ्या राज्याला हे अशक्य आहे असे म्हणता येणार नाही.

म्हणून आमच्या मागण्या निश्चित आहेत. २०१३ पासून मंजूर झालेल्या चार हजार मीटरवरील प्रत्येक अभिन्यासाची यादी महापालिकेने प्रभागवार प्रसिद्ध करावी. राखीव सदनिका किती, त्यांपैकी म्हाडाकडे किती आल्या, हे तीत असावे. नियम लागू झाला तेव्हा एका मालकीत असलेली जमीन नंतर तुकडे केली तरी एकच धरावी. राखीव सदनिका हस्तांतरित झाल्याखेरीज उर्वरित इमारतींना पूर्णत्वाचे दाखले देऊ नयेत. चुकविलेली घरे दंडासह वसूल करावीत. आणि महापालिकेने आपल्या मालकीच्या जमिनींवर भाड्याच्या घरांची योजना हाती घ्यावी.

या मागण्यांचे निवेदन देऊन परत येण्याने काही साधणार नाही, हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको. २०१३ साली शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा शेतकरी व रहिवासी खवळून उठले आणि तो आराखडा बाजूला ठेवून नवा करणे सरकारला भाग पडले. मखमलाबादच्या शेतकऱ्यांनी स्मार्ट सिटीच्या नगररचना योजनेला असाच चिवट विरोध केला. संघटित माणसांचे म्हणणे ऐकावे लागते, एवढाच याचा अर्थ. घर नसलेल्यांची संघटना बांधणे हे काम आपल्यावाचून दुसरे कोणी करणार नाही.

त्याची सुरुवात प्रत्येक प्रभागातून करता येईल. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा आपल्या हाती आहे. २०१७ पासून मोठ्या गृहप्रकल्पांची नोंदणी महारेराकडे होते आणि त्यांच्या जमिनीचे क्षेत्र व मंजुरीची कागदपत्रे कोणालाही पाहता येतात. दोन-तीन कार्यकर्त्यांनी आपल्या प्रभागातील प्रकल्पांचे सर्व्हे नंबर उतरवून घ्यावेत, शेजारच्या तुकड्यांची मालकी तपासावी आणि राखीव घरांचा हिशेब मांडावा. तो हिशेब गढीवरच्या, वाड्यांतल्या आणि मजूर अड्ड्यांवरच्या माणसांसमोर सभा घेऊन वाचून दाखवावा. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यानंतर या शहराचा कारभार कित्येक वर्षे प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात न विचारले गेलेले प्रश्न आता लोकांनीच विचारावयास हवेत. साडेतीन हजार घरे म्हणजे साडेतीन हजार कुटुंबे. त्यांची नावे आज कोणत्याही यादीत नाहीत. ती यादी तयार करण्याचे काम या पावसाळ्यापूर्वी सुरू झाले पाहिजे.