मौनाचे पथ्य

तीस वर्षे आम्ही खडू आणि घसा या दोनच साधनांवर अध्यापन केले. आमच्या बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागात तर घशास तिप्पट काम. वर्गात मराठी, खात्याच्या बैठकीत कन्नड आणि बाजारात दखनी. या घशावर गतवर्षी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. स्वरतंतूवर एक लहानसा मांसल उंचवटा आला होता. डॉक्टर त्यास पॉलिप म्हणत. शस्त्रक्रियेचे आम्हांस फारसे भय वाटले नाही. खरी परीक्षा पुढेच होती. डॉक्टरांनी बजावले, "सात दिवस पूर्ण मौन. कुजबुजसुद्धा नको."

यामागील कारण वाचकांनी समजून घ्यावे. बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदास सुमारे शंभर वेळा, तर स्त्रीचे सुमारे दोनशे वेळा एकमेकांवर आपटतात. त्या नाजूक आवरणावरील जखम भरण्यापूर्वीच हे घर्षण सुरू झाले, तर तेथे घट्ट व्रण धरण्याचा धोका असतो आणि आवाज कायमचा घोगरा राहू शकतो. कुजबुजण्यानेही कंठावर ताण पडतो. मौन किती दिवसांचे, याविषयी डॉक्टरांत एकमत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात तीन दिवसांचे मौन व नंतर स्वराचे व्यायाम हा क्रम सात दिवसांच्या मौनापेक्षा गुणकारी ठरला. मात्र आपल्या डॉक्टरांनी सांगितलेली मुदत आपण पाळावी, हेच श्रेयस्कर.

हे सर्व आम्हांस ठाऊक होते. तरीही चौथ्या दिवशी आमचे मौन सुटले. शाळेतून दूरध्वनी आला. सातवीच्या मुलांच्या नावनोंदणीत कोणाचे आडनाव चुकले होते. दुरुस्तीस चार दिवसांची मुदत होती आणि सहकारी ती सहज करू शकले असते. आम्ही मात्र दूरध्वनी हाती घेऊन दहा मिनिटे तावातावाने बोललो. खाली ठेवला तेव्हा गळ्यातून नुसती हवा येत होती.

सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, शाळा तुमच्यावाचून चालते हे कळेल, याचीच तुम्हाला भीती वाटते."

ते वाक्य आम्हांस शस्त्राहून अधिक झोंबले, कारण ते खरे होते. पथ्य मोडते ते अज्ञानामुळे नव्हे, स्वभावामुळे. अमेरिकेतील नेल्सन रॉय, डायान ब्लेस आदी संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वरतंतूंवर गाठी आलेल्या रुग्णांत बहिर्मुख वृत्ती अधिक आढळली. म्हणजे ज्या स्वभावाने दुखणे ओढवते, त्यासच मौन जड जावे, असा हा पेच. शिक्षकांचे तर विचारूच नये. रॉय यांच्याच २००४ च्या पाहणीत शंभरांतील सुमारे ५८ शिक्षकांनी केव्हा तरी स्वरदोष जडल्याचे सांगितले. इतरांत हे प्रमाण २९ च्या आसपास होते.

अशा वेळी कुमार गंधर्वांचे स्मरण होते. बेळगावजवळच्या सुळेभावीचे हे गायक. १९४७ साली त्यांस क्षयाने गाठले. दुखणे कंठाचे नव्हे, फुप्फुसाचे. पण गाणे वर्ज्य झाले. देवास येथे अंथरुणावर असता त्यांनी माळव्याची लोकगीते कान देऊन ऐकली, आणि १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा त्या ऐकण्याचे धन त्यांच्या गाण्यात उतरले होते. ज्याचा आवाज हेच सर्वस्व, त्याने वर्षानुवर्षे धीर धरला. आम्हांस सात दिवस साधले नाहीत.

म्हणून स्वानुभवाने सांगतो. शस्त्रक्रियेपूर्वीच कामाचा कार्यभार लेखी दुसऱ्याकडे सोपवावा. दूरध्वनी घरच्यांच्या हाती द्यावा. बोलक्या माणसाने पाटी-पेन्सिल जवळ ठेवावी. चिंतातुराने मौन केव्हा संपते आणि त्यापुढे किती बोलावे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. नाही तर तो भीतीने महिनाभर गप्प बसेल, आणि तेही हितावह नाही. घरच्यांनी रुग्णास 'हो' किंवा 'नाही' अशी मान हलवून उत्तर देता येईल, असेच प्रश्न विचारावेत. पाहुण्यांना दारातच कल्पना द्यावी.

आमचे म्हणाल, तर तपासणीत सूज आढळली आणि आणखी तीन आठवडे संयम पाळावा लागला. बोलण्यापुरता आवाज परत आला. पण परिपाठातील प्रार्थनेचा वरचा स्वर आता लागत नाही. ती आता एक तरुण शिक्षिका सांगतात. मुले त्यांच्यामागून चांगली म्हणतात. आम्ही रांगेच्या टोकाशी उभे राहून ऐकतो.