मेरिट नव्हे, तास मोजा : फ्लाइंग स्कूल निवडणाऱ्या आपल्या पोरांसाठी

मांडव्याच्या जेट्टीवर 2020 पासून रोरो बोट लागते. भाऊच्या धक्क्यावरून आलेल्या गाड्या उतरतात आणि अलिबागच्या बंगल्यांकडे निघून जातात. आता याच रायगड जिल्ह्यात उलव्याला नवी मुंबई विमानतळ सुरू झाला. "आता पोरांना नोकऱ्या लागतील," असे सगळेच पुढारी सांगतात. कोणत्या नोकऱ्या? सामान चढवणे, हाऊसकीपिंग, सिक्युरिटी, फार तर ग्राउंड स्टाफचा सहा महिन्यांचा कोर्स. कॉकपिटचे नाव कोणी काढत नाही. आपल्या एखाद्या पोराने काढलेच, तर उत्तर तयार असते : "ते आपले काम नाही. तिथे मेरिट लागते."

हे उत्तर खोटे आहे. ते सवर्ण देतात तेव्हा खोटे आहेच, पण आपलेच नोकरदार काका-मामा देतात तेव्हाही ते तितकेच खोटे आहे.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी, म्हणजे सीपीएलसाठी, काय लागते ते बघा. वय 18 पूर्ण. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बारावी पास. वर्ग 1 ची वैद्यकीय तपासणी. हवाई नियम, नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, विमानाचे तांत्रिक ज्ञान असे लेखी पेपर, प्रत्येकात 70 टक्के. रेडिओवर बोलण्याचा परवाना. आणि 200 तासांचे उड्डाण, त्यातले 100 तास स्वतः विमानाची सूत्रे सांभाळून.

या यादीत न जमण्यासारखे काय आहे? एमपीएससीच्या एका जागेमागे हजारोंच्या रांगेत वर्षानुवर्षे उभे राहणारे आपले पोर हे पेपर काढू शकत नाही? नक्कीच काढू शकते. ते अडते शेवटच्या ओळीवर. 200 तास. हे तास अभ्यासाने मिळत नाहीत, विकत घ्यावे लागतात. रायबरेलीजवळ फुरसतगंजला असलेल्या केंद्र सरकारच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीची फीसुद्धा 45 लाखांच्या घरात आहे. ढोबळ हिशेब केला तर तासाला साडेबावीस हजार रुपये. खासगी संस्थांत अनेकदा त्याहून जास्त. परवाना हातात आल्यावर एअरबस किंवा बोइंगचे टाइप रेटिंग वेगळे, त्याचेही आणखी लाखो रुपये.

म्हणजे ज्याला हे लोक मेरिट म्हणतात, ती बापाच्या बँक खात्याची परीक्षा आहे.

हा फरक कुठून आला?

1927 च्या मार्चमध्ये बाबासाहेब महाडला चवदार तळ्यावर गेले. तेव्हा हा जिल्हा कुलाबा होता. माणसाला माणसासारखे पाणी पिता यावे म्हणून तो लढा होता. त्याच वर्षी डिसेंबरात मनुस्मृती जाळायला ते पद्मावती बोटीने याच किनाऱ्याने दासगावला उतरले. पुढच्याच वर्षी, 1928 ला, मुंबईत बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला आणि 1929 च्या फेब्रुवारीत जे. आर. डी. टाटांना देशातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. टाटांचे कर्तृत्व नाकारायचे कारण नाही. पण एक समाज तळ्याच्या पायरीवर लाठ्या खात होता तेव्हा दुसरा उड्डाणाचे तास मोजत होता, ही गोष्टही नाकारता येत नाही. हे तासांचे अंतर आज "मेरिट" या नावाने आपल्यासमोर ठेवले जाते.

नवी मुंबई विमानतळावरून पहिले प्रवासी विमान 25 डिसेंबर 2025 ला उडाले. तो मनुस्मृती दहनाचा दिवस होता, बरोबर 98 वर्षांनी. त्या कॉकपिटमध्ये आपले किती, हे विचारायला नको का?

शिष्यवृत्तीची थट्टा

कोणी म्हणेल, सरकारी योजना आहेत. आहेत ना! अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या टॉप क्लास शिष्यवृत्तीच्या नियमावलीत खासगी फ्लाइंग क्लबमधल्या सीपीएलसाठी वर्षाला 3 लाख 72 हजारांची मर्यादा घातली होती. तासाच्या भावाने भागा. वर्षाला साडेसोळा तास. दोन वर्षांत 33. बाकीचे 167 तास आकाशातून पडणार का?

मग बँक. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या पुढे गेले की बँक तारण मागते. ज्यांच्या नावावर सातबारा नाही, ज्यांचे घर गावठाणाबाहेरच्या वस्तीत आहे, त्यांनी तारण काय ठेवायचे? जातीने जमीन नाकारली आणि बँक जमिनीचाच कागद मागते. या चक्राला व्यवस्था म्हणतात.

आणि हेही लक्षात ठेवा. एअर इंडिया सरकारी होती तोवर तिथे आरक्षण लागू होते. 27 जानेवारी 2022 ला ती टाटांकडे गेली आणि आरक्षणही संपले. पुढच्याच वर्षी एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500 विमानांची मागणी नोंदवली. जागा वाढायच्या वेळेला आपला दरवाजा बंद झाला.

तरीही जायचे. पण डोळे उघडे ठेवून

लढा एका बाजूला चालेल, पण आज बारावी झालेले पोर थांबणार नाही. एजंट त्याच्या बापाला गाठतो, चकचकीत माहितीपत्रक दाखवतो, "नोकरीची हमी" देतो आणि वडिलांचा प्रॉव्हिडंट फंड, आईचे दागिने एका झटक्यात घेऊन जातो. श्रीमंताचे पोर चुकीच्या संस्थेत गेले तर बाप दुसरीकडे पैसे भरतो. आपले पोर चुकले तर घर बसते. म्हणून आपल्याला निवड जास्त कठोरपणे करावी लागेल.

पैसे भरण्याआधी दोन कामे करा. पहिले, वैद्यकीय तपासणी. रंगांध असाल किंवा हृदयाचा काही दोष निघाला तर ते 40 लाख भरल्यावर नव्हे, आधी कळले पाहिजे. दुसरे, डीजीसीएचा संगणक क्रमांक काढून लेखी पेपर घरी बसून काढा. पुस्तके मागवून, गट करून अभ्यास होतो. बुद्धविहारात एमपीएससीची अभ्यासिका चालते, तिथे हवामानशास्त्राचे पुस्तकही उघडता येईल. पेपर काढून गेलेला विद्यार्थी संस्थेत कमी दिवस अडकतो.

मग संस्थेला तोंडावर विचारा :

1. कागदावर विमाने किती आणि आज उडण्याजोगी किती? इंजिनाविना हँगरमध्ये उभे असलेले विमान तास देत नाही.
2. विद्यार्थी किती आणि प्रशिक्षक किती?
3. मागच्या तीन तुकड्यांना 200 तास पूर्ण करायला किती महिने लागले? सांगणारा माजी विद्यार्थी भेटवा, संस्थेने निवडलेला नव्हे, आपण शोधलेला.
4. रात्रीच्या उड्डाणाची सोय त्याच धावपट्टीवर आहे का? पावसाळ्यात महिन्याला किती तास होतात?
5. फी टप्प्याटप्प्याने, उडालेल्या तासांप्रमाणे घेता का? मध्येच सोडावे लागले तर परत किती देता? हे लेखी द्या.

लेखी द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्या दारातून परत फिरा.

आपल्या कोकणात पावसाचे चार महिने उड्डाण कठीण. म्हणून महाराष्ट्रातले प्रशिक्षण धुळे, शिरपूर, बारामती, गोंदिया असे आतल्या बाजूला आहे. म्हणजे फीच्या वर राहण्या-खाण्याचा खर्च धरा. नावाला भुलू नका. डीजीसीएने 1 ऑक्टोबर 2025 पासून फ्लाइंग स्कूलना श्रेणी द्यायला सुरुवात केली. पहिल्या यादीतल्या 35 संस्थांपैकी एकीलाही 'ए' किंवा त्याच्या वरची श्रेणी मिळाली नाही. 13 'बी'मध्ये, 22 'सी'मध्ये. ऑक्टोबर 2023 मध्ये बारामतीला चार दिवसांत रेडबर्ड संस्थेची दोन विमाने कोसळल्यावर तिचे प्रशिक्षण डीजीसीएला थांबवावे लागले होते. ही माहिती जाहीर आहे. माहितीपत्रकाआधी ती वाचा.

माझे मत विचाराल तर पहिला अर्ज सरकारी अकादमीत करा. तिथे प्रवेश परीक्षा आहे, अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण आहे आणि काही चुकले तर माहितीचा अधिकार वापरता येतो. श्रेणी आणि विमानांचे प्रश्न तिलाही विचाराच. पण खासगी मालकाला आपण फक्त विनंती करू शकतो, सरकारी संस्थेला जाब विचारू शकतो.

कॉकपिटमध्ये जात नसते?

"हवेत गेल्यावर कोण जात बघतो," असे म्हणणारे भेटतात. 2025 च्या जूनमध्ये बंगळुरूच्या एका दलित प्रशिक्षणार्थी वैमानिकाने पोलिसात तक्रार दिली, की इंडिगोच्या वरिष्ठांनी बैठकीत त्याला तू विमान उडवायच्या लायकीचा नाहीस, जाऊन चपला शिव, अशा अर्थाचे सुनावले. कंपनीने आरोप फेटाळले. निकाल कोर्ट देईल. पण ॲट्रॉसिटी कायद्याची कलमे पायलटच्या गणवेशातल्या माणसालाही लागू शकतात, हे आपल्या पोरांना माहीत असले पाहिजे. परवान्याबरोबर कायदाही शिका.

मागणी काय?

बाबासाहेब 1913 ला कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या मुलांच्या परदेशी शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून पैसा काढून घेतला. महागडे शिक्षण समाजाच्या पैशाने झाले पाहिजे, ही भीक नाही, हा त्यांचा मार्ग आहे.

महाज्योतीने इतर मागासवर्गीय, भटक्या-विमुक्त मुलांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत वैमानिक प्रशिक्षणाची योजना आखली. चांगले केले. तर बार्टीने दरवर्षी ठरावीक जागांची पूर्ण खर्चाची योजना चालवावी, टाइप रेटिंगसकट. शिष्यवृत्तीची मर्यादा रुपयांत नको, तासांत ठरवा : पूर्ण 200. शैक्षणिक कर्जाला सरकारने हमी द्यावी, तारण मागू नये. आणि सार्वजनिक जमिनीवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक विमानतळावर उतरणाऱ्या कंपन्यांनी आपल्या वैमानिकांचा सामाजिक तपशील जाहीर करावा.

रायगडच्या कार्यकर्त्यांनी हे निवेदन जयंतीच्या मिरवणुकीआधी समाजकल्याण कार्यालयात पोचवावे. डीजेचा एका रात्रीचा खर्च वाचला तर एका पोराची वैद्यकीय तपासणी आणि पेपरची फी सुटते. तेवढे तर आपल्या हातात आहे.

जय भीम!