टाइमशीटमध्ये नसलेला तास

सकाळची बोरिवली फास्ट. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्यात मोबाइल, कानात दीडपट वेगाने चाललेला डेटाबेसचा कोर्स. अंधेरीला उतरून मेट्रो पकडली की पुढचा व्हिडिओ. दोन वर्षं मी असाच 'शिकत' होतो. कोर्स संपला, सर्टिफिकेट आलं. महिन्याभरात ऑफिसात एक क्वेरी रांगायला लागली आणि सुरुवात कुठून करायची हेच मला कळेना.

मुलुंडहून येणारी एक सहकारी माझ्या शेजारी येऊन बसली. तिने पोस्टग्रेसचं अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडलं, 'एक्स्प्लेन' चालवलं आणि प्लॅन ओळीओळीने वाचायला लावला. अख्खं टेबल स्कॅन होत होतं. इंडेक्स होता, पण त्यातला पहिला कॉलम आमच्या अटीत नव्हताच. चाळीस मिनिटं लागली. ती क्वेरी मी आजही विसरलेलो नाही. कोर्समधलं काही आठवत नाही.

अप्रेझलमध्ये 'शिकण्याची वृत्ती' या रकान्यात मला चांगला शेरा मिळाला. तिला मिळाला नाही. लर्निंग पोर्टलवर तिचे तास कमी भरले होते. घरी चार वर्षांचा मुलगा आणि आजारी सासूबाई. ती कोर्स बघणार कधी?

माझं भांडण इथे आहे. आपल्याला साधनांची वाण नाही. आयआयटींनी २००३ मध्ये सुरू केलेल्या एनपीटीईएलची व्याख्यानं फुकट आहेत. पायथनचं अधिकृत ट्युटोरियल फुकट आहे. टर्मिनलमध्ये 'मॅन' टाइप केलं की माहितीपत्रक नेटशिवायही उघडतं. 'गिट बायसेक्ट' हजार कमिटमधून बग आणणारा कमिट साधारण दहा तपासण्यांत पकडून देतं. तरीही 'बिझी डेव्हलपरसाठी पन्नास रिसोर्सेस' अशा याद्या आपण सेव्ह करत राहतो. यादी सेव्ह केली की शिकल्याचं समाधान मिळतं, एवढंच.

आपल्या दोन रेल्वेमार्गांच्या मधोमध, पवईत, आयआयटी मुंबईने स्पोकन ट्युटोरियल नावाचा प्रकल्प उभा केला. साधारण दहा मिनिटांचे धडे, त्यातले अनेक मराठी आवाजातही. पद्धत साधी: अर्ध्या स्क्रीनवर धडा, अर्ध्यावर तुम्ही तेच करून बघायचं. म्हणजे दोन्ही हात मोकळे हवेत आणि बसायला जागा हवी. गर्दीच्या लोकलमध्ये दोन्ही नसतं. तिथे फक्त बघता येतं.

मग हात मोकळे कुठे असतात? ऑफिसात. पण आमच्या टाइमशीटमध्ये मीटिंगला कोड आहे, टीम लंचलाही आहे, शिकण्याला नाही. कंपनीला लागणारं ज्ञान आपण स्वतःची झोप मोडून कमवायचं. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या, वर भाकऱ्या कमी भाजल्या म्हणून शेरा.

२५ डिसेंबर २०१७ ला बोरिवलीहून पहिली एसी लोकल चर्चगेटला निघाली. 'मोटरमनने ड्युटी संपल्यावर मोबाइलवर बघून ही गाडी शिकून यावं' असं कुणी म्हटलं असतं, तर आपण त्या गाडीत चढलो असतो का?

'पगार एवढा घेता, मग कुरकुर कसली?' असं बाबा विचारतात. पगार कामाचा आहे, आणि नवीन गोष्ट शिकणं हे आमच्या कामातच येतं. आवडीने रात्री जागून कुणी कोड लिहीत असेल तर जरूर लिहावा, मीही लिहितो. पण ती आवड सगळ्यांची मोजपट्टी झाली की ज्यांच्या संध्याकाळी घराने आधीच घेतल्यात, ते मागे पडतात. त्यात बायका जास्त असतात, हे आपल्याच टीमकडे बघून तपासा.

गेल्या महिन्यापासून मी डॉक्युमेंटेशन वाचायला लागलेला वेळ त्या-त्या तिकिटावरच लावतो. मॅनेजरने विचारलं, हे दोन तास कसले? म्हटलं, कामाचे. पुढच्या मीटिंगमध्ये शिकण्यासाठी वेगळा कोड मागणार आहोत, मी आणि ती मुलुंडची सहकारी. तुमच्या ऑफिसात तुम्हीही मागा. लोकलमध्ये मी आता गाणी ऐकतो.